नऊ पेन्सिलींची टोकं

सोमवार, ३ फेब्रुवारी

मानवजातीने चाकाचा शोध लावला, छपाईचा लावला, आणि मग बहुधा थकून जाऊन शाळेच्या टेबलाला स्क्रूने बसवलेल्या शार्पनरचा लावला. हे यंत्र पेन्सिलीला टोक करत नाही. पेन्सिल खातं. आत सरकवायची, हँडल फिरवायचं, भुशाचा छान वास सुटतो, माणूस आशावादी होतो, आणि बाहेर आलेलं टोक कागदाला लागताच मान टाकतं. पुन्हा आत. पुन्हा आशा. आज नऊ पेन्सिलींसाठी मी सत्तावीस वेळा या चक्रातून गेलो. तास चाळीस मिनिटांचा, त्यातली चौदा यंत्राने गिळली.

दाद कुठे मागायची याची चौकशी केली. शिपाईमावशी म्हणाल्या, "ते मी लागले तेव्हापासून असंच आहे. तुम्हीच सवय करून घ्या, त्याला काही व्हायची नाही."

मी इथे कसा आलो ते लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी विचारलं तर ताईकडे बोट दाखवता येईल. ताई या शाळेची मुख्याध्यापिका. मी तिचा धाकटा भाऊ, वय बावन्न, मुक्काम तिच्याच घराचा वरचा मजला. चोवीस वर्षं मी एका कारखान्यात पंखे, इस्त्र्या आणि मिक्सर यांच्या माहितीपुस्तिका लिहिल्या. नोव्हेंबरात कारखान्याच्या लक्षात आलं की माहितीपुस्तिका कुणीच वाचत नाही. मला हे पहिल्या वर्षीच कळलं होतं, पण मी बोललो नव्हतो.

तेवढ्यात शाळेच्या गणिताच्या बाई सुरक्षिततेचा तक्ता भिंतीला लावताना स्टुलावरून पडल्या. पाय मोडला. काल जेवताना ताई म्हणाली, "घरी बसून छताचा पंखा तपासत असतोस. त्यापेक्षा वर्गात ये."

"मला शिकवता येत नाही."

"त्यांना शिकता येत नाही. जमेल तुमचं."

ते म्हणजे पाचवीतले नऊ जण. सहामाहीत भागाकारात आणि दशांशाच्या गुणाकारात आपटलेले. शिक्षकांच्या खोलीत त्यांना 'उरलेले' म्हणतात. एकवीस तारखेला त्यांची फेरपरीक्षा, गुण चाळीस. वीस मिळाले तर सकाळच्या शाळेत राहायचं. नाही मिळाले तर तीन मार्चपासून दुपारची शाळा, तीही स्टेशनाकडच्या दुसऱ्या इमारतीत. संस्थेचा नियम आहे. संस्थेचे नियम मला आवडतात. त्यांत पायऱ्या असतात.


मंगळवार, ४ फेब्रुवारी

माझी पद्धत साधी आहे. भागाकार म्हणजे मिक्सर. पायरी एक, पायरी दोन, झाकण, बटण. इस्त्री का तापते हे मी चोवीस वर्षांत कुणाला सांगितलं नाही, तरी लोकांचे कपडे सरळ झाले. आणि या चोवीस वर्षांत माझ्या एकाही पुस्तिकेला शुद्धिपत्र जोडावं लागलं नाही. हे मी मुलांनाही सांगितलं. शुद्धिपत्र म्हणजे काय हे त्यांना माहीत नसल्यामुळे परिणाम झाला नाही.

फळ्यावर ६१२ भागिले ६ लिहिलं. एक काडीसारखा मुलगा आहे, त्याला सगळे पैलवान म्हणतात. त्याला उठवलं. त्याने सहाला सहाचा भाग एकदा दिला. एक खाली उतरवला. एकाला भाग जात नाही म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. दोन उतरवला, बाराला दोनदा. उत्तर १२. हात झाडून जागेवर.

मी सांगितलं, "भाग जात नाही तिथे शून्य मांडायचं. पायरी चार."

मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, पण का?"

चष्मा दोऱ्याने बांधलेली, तेल लावून घट्ट वेण्या घातलेली मुलगी. मी म्हटलं, "नियम आहे."

"सहाशे वस्तू सहा जणांत वाटल्या तर प्रत्येकाला शंभर तरी येणारच ना? मग बाराच कशा? उरलेल्या कुणी नेल्या?"

सगळा वर्ग पैलवानाकडे बघायला लागला. पैलवान म्हणाला, "मी नाही नेल्या."

या मुलीचं नाव मी काबाई ठेवलं आहे.

शार्पनरचा प्रश्नही आजच सोडवला. पेन्सिली वर्गातल्या पत्र्याच्या डब्यात ठेवायच्या. फळ्यावर जो चुकेल, त्याने दुसऱ्या दिवशी घंटेआधी येऊन नऊच्या नऊ पेन्सिलींना टोकं करायची. एकच दगड, माझी चौदा मिनिटंही वाचतील आणि चुकांची किंमतही कळेल.

वकील नावाचा एक मुलगा आहे. त्याचे वडील वकील नाहीत, ही स्वयंभू प्रतिभा आहे. तो उभा राहिला. "सर, तुम्ही चुकलात तर?"

"मी चुकत नाही."

"पण चुकलात तर?"

"तर मी करीन टोकं. नियम सगळ्यांना सारखा."

"लिहून देता?"

"खाली बस."


गुरुवार, ६ फेब्रुवारी

पैलवानाने दोन दिवसांत यंत्राशी मैत्री केली आहे. कालही तोच चुकला, आजही. मला संशय आहे की त्याला हँडल फिरवायला आवडतं.

साडेअकराला पहिलीचा वर्ग सुटतो, आणि मग आमच्या दाराशी पायरीवर एक छोटी मुलगी येऊन बसते. काबाईची धाकटी बहीण. बारापर्यंत बसते, मग दोघी हात धरून घरी जातात. वर्गाकडे पाठ करून स्वतःच्या बुटांशी काहीतरी बोलत असते. उन्हात बसते. वर्गाच्या शिस्तीला बाधा येते म्हणून मी तिला आतल्या रिकाम्या बाकावर बसायला सांगितलं. शिस्तीखेरीज दुसरं कारण नाही.


मंगळवार, ११ फेब्रुवारी

दशांशाचा गुणाकार सुरू केला. नियम तीन. एक, टिंब विसरा. दोन, साधा गुणाकार करा. तीन, दोन्ही संख्यांत टिंबापुढे जेवढी घरं असतील ती मोजा, आणि उत्तरात उजवीकडून तेवढी घरं सोडून टिंब द्या. यापेक्षा स्वच्छ पुस्तिका मी पंख्याचीही लिहिली नव्हती.

जुळ्या बहिणींनी २.५ गुणिले १.३ याचं उत्तर ३२.५ आणलं. दोघींनी. बेरजेत टिंबाखाली टिंब ठेवायचं असतं, ती सवय सुटत नाही. वेगळं बसवलं तरी दोघींची चूक एकच येते. निसर्गाने एकदा केलेली चूक पुन्हा पडताळून पाहिलेली दिसते.

काबाईने हात वर केला. "सर, अडीच गुणिले एक म्हणजेच अडीच. मग एकाहून थोडं जास्तने गुणलं तर बत्तीस कसे होतील? तीनच्या आसपास हवं."

"आसपास असं गणितात काही नसतं."

"मग टिंब चुकलंय हे कळणार कसं?"

"घरं मोजून."

ती बसली. दोन मिनिटांनी पुन्हा हात. "सर, ०.५ गुणिले ०.४ चं ०.२० आलं. शेवटचं शून्य नाही लिहिलं तर चालेल?"

"घरं किती?"

"दोन."

"मग दोन. कष्टाने मिळवलेलं शून्य टाकून द्यायचं नसतं."

"पण ते काय करतं तिथे?"

"घर राखतं."

वर्ग हसला. ती हसली नाही. वहीत काहीतरी लिहून घेतलं. मला वाटतं नियमच लिहून घेतला असावा.

जेवताना ताई म्हणाली, "मी दारातून बघत होते. वही हातभर लांब धरून वाचतोस. डोळे तपासून घे."

"मला व्यवस्थित दिसतं."

"आजच्या एका वहीत टिंब समजून माशीच्या डागाला बरोबरची खूण केलीयस."


बुधवार, १२ फेब्रुवारी

तो माशीचा डागच होता. उत्तर मात्र योगायोगाने बरोबर ठरलं.


शुक्रवार, १४ फेब्रुवारी

दुपारी तीननंतर, मी वह्या तपासत असताना, काबाईची आई आली. रुग्णालयाच्या धुलाईखान्यात काम करते. हाताची कातडी पाण्याने पांढरी पडलेली, बोलणं मोजकं. मी तक्रार ऐकायच्या तयारीने बसलो.

"सर, थोरली पास होईल का?"

"प्रयत्न चालू आहेत. विचारते फार. त्यात वेळ जातो."

"घरीही तसंच. परवा मशीन अर्धंच भरलं होतं तर पूड किती घालायची, यावर पाऊण तास बोलली. अर्ध्या मशीनला अर्धं माप, पाव मशीनला पाव माप. मी म्हटलं, बाई, मूठभर टाक आणि झोप."

मी माफक हसलो.

"नाही, एवढंच विचारायचं होतं. माझी पाळी सहा ते तीन. धाकटी साडेअकराला सुटते. थोरली दुपारच्या शाळेत गेली तर तिला अकरालाच तिकडे पोचायला हवं. मग धाकटीला घरी न्यायला कुणी नाही. पाळी बदलून मागितली, सुपरवायझर म्हणाले, जूनमध्ये बघू." मग तिने पदराने टेबलावरचा पेन्सिलीचा भुसा गोळा केला आणि टोपलीत टाकला. "बसते ना ती आत, धाकटी? त्रास नाही ना देत?"

"नाही."

"बरं," म्हणाली, आणि गेली.

तक्रारही नव्हती, विनंतीही नव्हती. मग एवढ्या लांबून आली कशाला, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.


मंगळवार, १८ फेब्रुवारी

वकिलाने आज गणितशास्त्रावर दावा ठोकला. ०.५ गुणिले ०.५ बरोबर ०.२५. "सर, गुणल्यावर वाढायला पाहिजे. हे तर कमी झालं. फसवणूक आहे."

मी तिन्ही नियम पुन्हा म्हणून दाखवले. तो म्हणाला, "नियम मान्य. फसवणूक अजून तशीच आहे."

प्रामाणिकपणे लिहायचं तर मला उत्तर सुचलं नाही. इस्त्रीच्या पुस्तिकेत असा प्रसंग आला की आम्ही 'अधिकृत विक्रेत्याशी संपर्क साधावा' असं छापायचो. इथे अधिकृत विक्रेता मीच.

काबाईने हातसुद्धा वर केला नाही. बाकावर बसल्या बसल्या वकिलाला म्हणाली, "अरे, अर्ध्याने गुणायचं म्हणजे त्याचं अर्धं घ्यायचं. अर्ध्या मापाचं अर्धं केलं तर किती?"

"पाव."

"०.२५ म्हणजे काय मग?"

वकिलाने बोटांवर काहीतरी मांडलं. मग म्हणाला, "पाव होय? आधी का नाही सांगितलं कुणी?" आणि माझ्याकडे पाहिलं.

मी वर्गाला बजावलं की पाव, पाऊण, दीड हे घरी ठीक आहे, परीक्षेत तिन्ही नियमांनीच उत्तर काढायचं. पद्धत ती पद्धत. धाकटीने बाकावरून विचारलं, "सर, पाऊण म्हणजे काय?" मी म्हटलं, "पहिलीत नसतं ते." काबाईने तिच्या कानात काहीतरी सांगितलं. धाकटीने चार बोटं वर केली आणि त्यातलं एक दुमडलं.


शुक्रवार, २१ फेब्रुवारी

फेरपरीक्षा झाली. वीस गणितं, प्रत्येकी दोन गुण. प्रश्नपत्रिका माझी, उत्तरसूचीही माझी. ताईला वेळ नव्हता. ती म्हणाली, "चोवीस वर्षांत शुद्धिपत्र नाही म्हणतोस, मग मी कशाला बघू?" टोमणा असावा, पण मी तो प्रशस्तिपत्र म्हणून स्वीकारला.

सगळ्यांचं लिहून झालं तरी काबाई तेराव्या गणिताशी बसून होती. मी घड्याळाकडे बोट दाखवलं. तिने मान हलवली, पण हात हलवला नाही.


शनिवार, २२ फेब्रुवारी

पेपर तपासले. सहा पास. पैलवानाला चौतीस. भागाकारात एकही शून्य गळलेलं नाही. फेब्रुवारीभर हँडल फिरवून त्याच्या अंगात काहीतरी उतरलेलं दिसतं. वकिलाला सव्वीस. एका उत्तराखाली त्याने 'हरकत नोंदवून' असं लिहिलं आहे.

जुळ्या दोघी नापास, दोघींना सोळा.

काबाईला अठरा. सातांना तर तिने हातच लावला नाही. उरलेल्या तेरांत नऊ बरोबर. तीन चुका सरळ आहेत, घाईत पाढा हुकलेला. तेराव्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण इथे माझी सहनशक्ती संपली.

गणित: ०.२५ गुणिले ०.४. उत्तरसूचीप्रमाणे घरं तीन, उत्तर ०.१००. इतरांनी लिहिलंय तसं. या बाईंनी तिन्ही नियमांना फाटा देऊन लिहिलं आहे: '०.२५ म्हणजे पाव. ०.४ चा पाव भाग. ०.४ भागिले ४. ०.१.' म्हणजे गुणाकार विचारला असता तिने भागाकार करून ठेवला. पाव हा शब्द वापरू नका म्हणून बजावलं होतं, तो वापरला. आणि तीन घरांपैकी दोन बेपत्ता. शून्य टाकायचं नाही हेही सांगितलं होतं. फुली मारली. दोन गुण गेले.

नियम म्हणजे नियम. मला तिच्याबद्दल वैयक्तिक काही नाही. फुली जरा मोठी झाली, ती पेनची शाई अडकल्यामुळे.


सोमवार, २४ फेब्रुवारी

निकाल सांगितला. जुळ्या आनंदल्या. सकाळी उठायला नको म्हणून. पैलवानाने स्वतःची पाठ थोपटायचा प्रयत्न केला, हात पुरला नाही.

काबाईने पेपर हातात घेतला, तेरावं गणित पाहिलं, आणि टेबलापाशी आली.

"सर, हे चूक का?"

"घरं किती हवीत?"

"तीन."

"तुझी किती आहेत?"

तिने पेपरकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. भांडेल असं वाटलं होतं. म्हणाली, "बरं." पेपरची चार घड्यांची चौकोनी पुडी केली आणि दप्तरात ठेवली.

यादी ताईने दुपारीच संस्थेकडे पाठवली.


बुधवार, २६ फेब्रुवारी

सराव थांबवलेला नाही, शुक्रवारपर्यंत तास घ्यायचा आहे. काबाई आज फळ्याकडे बघतच नव्हती. वहीच्या शेवटच्या पानावर काहीतरी चाललं होतं. जाऊन वही उचलली. नकाशा. शाळेचं फाटक, पाण्याची टाकी, सायकलचं दुकान, घर. मधे आकडे.

"हे काय?"

"धाकटीला सोमवारपासून एकटीला जायचंय. वाचता नाही येत तिला नीट. मोजता येतं."

फाटक ते टाकी ९०, टाकी ते दुकान १५०, दुकान ते घर ६०. काबाईने काल स्वतःची पावलं मोजली होती. पण धाकटीचं पाऊल तिच्या पावलाच्या पाऊण. म्हणजे थोरलीची तीन तिथे धाकटीची चार. म्हणून प्रत्येक आकड्याला तीनने भागून चारने गुणलं होतं. १२०, २००, ८०. खाली लिहिलं होतं: 'शंभर झाले की एक बोट दुमड. सायकलवाल्याच्या दुकानापाशी थांबून मागे बघ.'

मी तिन्ही उत्तरं तपासली. बरोबर होती. तसं सांगितलंही. पद्धत मात्र सुटसुटीत मांडलेली नाही, तेही सांगितलं. ती म्हणाली, "हो सर."

धाकटी बाकावर बसून एकापासून मोजत बोटं दुमडत होती. एकदा अकरावं बोट हवं झालं म्हणून तिने बहिणीचं घेतलं.

आज जेवण गेलं नाही. ताईने आमटी पातळ केली होती, त्यामुळे असेल.


गुरुवार, २७ फेब्रुवारी

डोळे शेवटी तपासून घेतले होते, आज चष्मा आणायला गेलो. माशीच्या डागानंतर ताईने घरात विषय बदलू दिला नव्हता. डॉक्टरांच्या कागदावर नंबर +२.५०. चष्मेवाल्याने काचांचं पाकीट दाखवलं, त्यावर +२.५.

मी म्हटलं, "हे माझं नाही. एक घर कमी आहे."

"कसलं घर?"

"डॉक्टरांनी दोन आकडे दिलेत. तुम्ही एकच दिलाय. शेवटचं शून्य कुठे गेलं?"

चष्मेवाल्याने माझ्याकडे पाहिलं. दुकानात आणखी दोघं होती, त्यांनीही पाहिलं. तो फार सौम्यपणे बोलला, लहान मुलांशी किंवा फार म्हाताऱ्यांशी बोलतात तसं. "काका, अडीच ना? अडीचला कितीही शेपट्या लावा, अडीचच राहतो. काच तीच, डोळा तोच. घालून तर बघा."

घातला. समोरच्या आरशात एक माणूस होता, तोंड उघडं. आरशाच्या कडेला माशीचे सात डाग होते.

घरी आलो. मोजपट्टीची टेप काढली. ०.१ मीटर कुठे येतं ते पाहिलं. मग ०.१०० कुठे येतं ते. एकाच रेघेवर. त्या रेघेवर अंगठा ठेवून मी बराच वेळ बसलो.

मला हे माहीत नव्हतं असं नाही. कारखान्यात मीच 'तारेची लांबी १.५ मीटर' लिहायचो, कधी १.५० लिहायचो, छपाईवाल्याने विचारलं तर म्हणायचो, जागा बघून टाक. माहीत होतं. फुली मारतानाही बहुधा माहीत होतं. माझ्याच टेबलाशी उभं राहून तिने 'चूक का?' विचारलं होतं, आणि मी उत्तराऐवजी घरं मोजायला लावली.

अठरा अधिक दोन. याला कुठलीच पद्धत लागत नाही.


शुक्रवार, २८ फेब्रुवारी

सकाळी ताईच्या कार्यालयात गेलो. घरी सांगता आलं असतं, पण घरी ती बहीण असते, दयाळूपणा करायची शक्यता असते.

तिने पेपर पाहिला. उत्तरसूची पाहिली. पुन्हा पेपर पाहिला.

"उत्तरसूची कोणी केली?"

"मी."

"तपासली कोणी?"

"मीच."

"०.१ आणि ०.१०० मध्ये फरक काय रे, शहाण्या?"

"दोन शून्यांचा."

"आणि किमतीत?"

मी उत्तरसूची उलटी करून ठेवली.

"हे बघ," तिने चष्मा काढून ठेवला, म्हणजे आता मुख्याध्यापिका बोलणार. "यादी सोमवारीच गेलीय. संस्थेच्या सचिवांना फोन करायचा तर कारण द्यावं लागणार. गणिताला भावाला बसवलं म्हणून आधीच दोघांनी नाकं मुरडली आहेत. आता त्या भावाने मुलीला चुकीचं नापास केलं, हे मी माझ्याच तोंडाने सांगायचं?"

"तू नको सांगू. मी लिहून देतो."

"काय लिहून देतोस?"

"शुद्धिपत्र."

तिने हसू दाबलं. दाबताना तिचा डावा गाल तसाच फुगला, जसा लहानपणी माझ्या पतंगाची दोरी कापून मला शोधायला लावताना फुगायचा. कागद पुढे सरकवला.

चोवीस वर्षांचं काम एका वाक्यात मोडतं, हे तसं सोयीचं आहे. लिहिलं: 'उत्तरसूचीतील तेरावं उत्तर अपुरं असून ०.१ हेही तितकंच बरोबर आहे. सदर विद्यार्थिनीने ते योग्य विचाराने काढलं होतं. चूक विद्यार्थिनीची नसून माझी आहे.' 'योग्य विचाराने' हे शब्द शुद्धिपत्रात बसत नाहीत. तरी ठेवले.

ताईने वाचलं. सही केली. सचिवांना फोन लावला. पलीकडून बराच आवाज आला. ती नुसती "हो, हो, माझीच जबाबदारी" म्हणत होती, आणि दुसऱ्या हाताने मला बाहेर जायची खूण करत होती. मी गेलो नाही. फोन ठेवून ती म्हणाली, "राहिली ती सकाळच्या शाळेत. आणि ऐक. सोमवारपासून गणिताच्या बाई कुबड्या घेऊन येतायत, फळा त्या बघतील. उत्तरसूच्या मी करीन."

"आणि मी?"

"तू वर्गात बस. मुलं अडली की शेजारी जाऊन बसायचं. नियम सांगायचे नाहीत. विचारलं तर उत्तर द्यायचं, नाही आलं तर नाही येत म्हणायचं. जमेल?"

"पगार?"

"आमटी घट्ट करीन."

काबाईच्या आईला धुलाईखान्यात फोन करून सांगितलं. मागे यंत्रांचा आवाज होता, दोनदा ओरडून सांगावं लागलं. ती म्हणाली, "बरं." त्या घरात या एका शब्दावर फार ओझं टाकतात. मग म्हणाली, "सर, फोन ठेवू? चादरी निघाल्यात." पण ठेवला नाही. थोडा वेळ नुसती यंत्रंच ऐकू येत होती.


सोमवार, ३ मार्च

सातच्या आधी शाळेत पोचलो. शिपाईमावशी कुलूप काढत होत्या. म्हणाल्या, "आज लवकर? घड्याळ बिघडलं?"

"चष्मा नवीन आहे. पुढचं लवकर दिसतं."

वर्गात कुणी नव्हतं. डब्यातून पेन्सिली काढल्या. नऊ. त्यात दोन जुळ्यांच्या, त्या आता दुपारच्या शाळेत, पण पेन्सिली राहिल्या होत्या. त्यांनाही टोकं करायची ठरवलं. शुद्धिपत्रात सूट मागितलेली नव्हती.

यंत्र आजही तसंच. पहिली पेन्सिल तीनदा खाल्ली. दुसरी दोनदा. पैलवान हे रोज कसं करायचा कोण जाणे. चौथीपर्यंत माझ्या लक्षात आलं की हँडल जोरात फिरवायचं नाही, पेन्सिल आत ढकलायची नाही, नुसती टेकवून धरायची. का ते आधी कळलं नाही. नव्या चष्म्यातून आत वाकून पाहिलं तर एक दात तिरका आहे. पेन्सिल ढकलली की नेमकी त्याच्यावर जाते. एवढंच होतं. चार आठवड्यांत मी आत बघितलंच नव्हतं.

नवांना टोकं झाली. पेन्सिली डब्यात उभ्या ठेवल्या. जुळ्यांच्या दोन वेगळ्या कागदात गुंडाळल्या, दुपारी मावशींच्या हाती पाठवायला.

मुलं आली. वकिलाने डबा पाहिला आणि थबकला. "शुक्रवारी तर फळ्यावर कुणी गेलंच नव्हतं. मग चुकलं कोण?"

पैलवान म्हणाला, "मी नाही."

मी हजेरी घेत होतो.

काबाई दारात धाकटीची वेणी सोडून पुन्हा घालत होती. पहिलीच्या वर्गाकडे तिला पिटाळून आत आली. डब्यातून स्वतःची पेन्सिल घेतली, टोक बोटाच्या पेरावर टेकवून पाहिलं. मग सगळ्या वर्गावरून एकदा नजर फिरवली, टेबलाखाली पडलेल्या भुशावर आणली, आणि तिथून माझ्या बाहीवर. बाही काळी झाली होती.

मी वाट पाहिली. उत्तर तयार होतं, चांगलं पायऱ्यापायऱ्यांनी.

तिने काहीच विचारलं नाही. वही उघडली, तारीख लिहिली. टोक मोडलं नाही.

साडेअकराला धाकटी आली. बाकावर बसायला सांगायची गरज पडली नाही.